रायपूरहून 'श्यामची आई'

१९५३ साली आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' पडद्यावर आला, तेव्हा रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती. त्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही राज्याच्या भाषा होत्या. रायपूरच्या तात्यापाऱ्यात किंवा बुढापाऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाला आपण परमुलखात आहोत असं वाटण्याचं कारण नव्हतं. कचेरीचं मोठं काम निघालं की तो हावड्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसायचा आणि सुमारे ३०० किलोमीटरवर आपल्या राजधानीत उतरायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं आणि राजधानी भोपाळला गेली. घरं जागची हलली नाहीत, पण त्या दिवसापासून आम्ही 'महाराष्ट्राबाहेरचे मराठी' झालो. पुढे २००० साली, पुन्हा १ नोव्हेंबरलाच, छत्तीसगड राज्य झालं आणि राजधानी रायपुरात आली.

हा नकाशा आधी सांगायचं कारण असं, की त्याने आमच्याकडे या चित्रपटाचा अर्थ बदलला. पुण्या-मुंबईच्या घरांत 'श्यामची आई' हा संस्काराचा चित्रपट होता. रायपूरच्या घरांत तो संस्काराचा होताच, शिवाय भाषेचा पुरावाही झाला. आपली मुलं हा चित्रपट समजून घेतात आणि त्यात रडतात, म्हणजे ती अजून मराठी आहेत, असा एक न बोललेला हिशेब होता. मी अनेक वर्षं इतिहास शिकवला. सत्तर वर्षं जुना चित्रपट नंतरच्या प्रेक्षकांसमोर कसा टिकतो, हा प्रश्न माझ्यासाठी या हिशेबापासून सुरू होतो. ते ओझं उतरवून ठेवल्यावर चित्रपटात काय उरतं, ते पाहायचं आहे.

इथली मराठी वस्ती काही काल-परवाची नाही. १७४१ मध्ये भास्करपंतांची स्वारी रतनपुरावर आली आणि छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपूरहून कारभार पाहत होते. १८१८ नंतर कर्नल ॲग्न्यूने कारभाराचं ठाणं रायपूरला आणलं आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. राज्य गेलं, कारकून, वकील, मास्तर आणि पुजारी राहिले. रेल्वे आल्यावर त्यांत आणखी भर पडली. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचं आहे. योगायोगाने साने गुरुजींचं 'श्यामची आई' हे पुस्तकही त्याच वर्षी छापून आलं.

पुस्तकाची जन्मकथा बहुतेकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ते थोड्या दिवसांत लिहून काढलं. आश्रमातल्या प्रार्थनेनंतर श्याम सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, एकेका रात्री एकेक, अशा बेचाळीस रात्री. गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेले आणि त्यानंतर तीन वर्षांनी चित्रपट आला. सरकारने राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू केले, तेव्हा उत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक १९५४ मध्ये याच चित्रपटाला मिळालं. बिमल रॉय यांच्या 'दो बीघा ज़मीन'ला त्या वेळी गुणवत्ता प्रमाणपत्र मिळालं होतं. ही दोन्ही नावं शेजारी ठेवून पाहावीत. एकात शेतकऱ्याची जमीन कर्जापायी जाते, दुसऱ्यात कोकणातल्या एका जुन्या खोताच्या घराची रया. स्वतंत्र भारताने पहिल्याच वर्षी गौरवलेल्या या दोन्ही चित्रपटांच्या पोटात सावकार आहे, ही गोष्ट आमच्याकडे क्वचितच कुणी बोलून दाखवली. बोललं जायचं ते आईबद्दल.

ती आई कोणी साकारली, हेही रायपूरहून पाहणाऱ्याला महत्त्वाचं वाटतं. वनमाला या काही कोकणातल्या नव्हत्या. ग्वाल्हेर संस्थानातल्या मराठा घराण्यात, उज्जैन-ग्वाल्हेरकडे त्या वाढल्या. १९४१ च्या सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर त्या नायिका होत्या. म्हणजे मराठी घराघरांत आदर्श म्हणून पुजली गेलेली पालगडची आई पडद्यावर उभी केली ती नर्मदेच्या उत्तरेकडच्या, हिंदीच्या शेजारात वाढलेल्या बाईने. अस्सल मराठीपणाचं माप म्हणून जो चित्रपट आमच्यापुढे धरला जायचा, त्याचा चेहराच बृहन्महाराष्ट्राचा होता.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो सत्तरच्या दशकात, गणेशोत्सवात, ताणून बांधलेल्या पांढऱ्या चादरीवर. प्रोजेक्टरची घरघर इतकी, की निम्मे संवाद ऐकू येत नसत. आमच्या घरात 'काय करून राहिलीस' अशी नागपुरी वळणाची मराठी होती आणि गल्लीत हिंदी-छत्तीसगडी. पडद्यावरची सानुनासिक, नेटकी मराठी कानाला परकी वाटायची. मोठी माणसं पदराने, उपरण्याने डोळे पुसायची आणि आम्हा मुलांकडे वळून पाहायची. श्यामसारखं व्हा, असं आम्हाला सांगितलं जायचं.

नवल असं, की श्यामसारखं होणं म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगत नसे. कारण पडद्यावरचा श्याम बराचसा हट्टी आहे. पोहायला जायचं नाही म्हणून तो लपून बसतो. आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला ओल्या लुगड्याचा पदर पसरायला लावतो. त्याला राग येतो, लाज वाटते, तो रुसतो. पुस्तकात तर तो एकदा चोरीही करतो आणि तीही पुस्तकासाठी. आज्ञाधारक मुलगा घडवण्यासाठी ही गोष्ट वापरली गेली, पण गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या मुलाची आहे. ती सांगणारा मोठा श्याम स्वतःला कुठेही सोडत नाही. आईचा मोठेपणा तो सांगतो तो आपल्या खोडीच्या मापाने.

माझ्या मते नंतरच्या प्रेक्षकाला हा चित्रपट इथे धरून ठेवतो. वयात येण्याच्या चित्रपटांची जी परंपरा जगात पुढे नावारूपाला आली, तिच्या आधीचा हा चित्रपट आहे. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५५ चा, फ्रान्स्वा त्रुफोचा 'फोर हंड्रेड ब्लोज' १९५९ चा. त्रुफोचा आंत्वान शाळेत दांडी मारल्यावर मास्तरांना थाप मारतो की आई मेली. श्यामची आई खरोखर गेलेली आहे, आणि ती गेली तेव्हा तो जवळ नव्हता. एक मुलगा जिवंत आईला मारून सुटका करून घेऊ पाहतो, दुसरा मेलेल्या आईला बेचाळीस रात्री जागवत राहतो. दोघांच्याही मुळाशी घरातली ओढगस्त आणि मुलाला कळू लागलेली मोठ्यांची हतबलता आहे. मांडणीच्या कसबात अत्रे राय-त्रुफोंच्या पंगतीत बसत नाहीत. त्यांचा कॅमेरा बराच वेळ रंगभूमीसमोर बसल्यासारखा स्थिर असतो, संवाद भाषणाकडे झुकतात, गाण्यांचा वाटा मोठा आहे. पण माधव वझे या मुलाच्या चेहऱ्यावर अपमान कळण्याचा जो क्षण येतो, तो आजही जुना झालेला नाही.

दोनेक वर्षांपूर्वी मी हा चित्रपट माझ्या भाचीबरोबर घरच्या टीव्हीवर पाहिला. ती अकरावीत होती, सोबत तिच्या दोन मैत्रिणी. एक बंगाली, दुसरी छत्तीसगडी, धमतरीकडची. मराठी एकटीला येत होतं आणि तेही कामापुरतं. मी मध्येमध्ये हिंदीत अर्थ सांगत होते. सुरुवातीला त्या हसल्या. मुलाच्या शेंडीला हसल्या, मोठमोठ्या उसाशांना हसल्या. पोहण्याच्या प्रसंगात आई श्यामला फोकाने मारते तेव्हा हसू थांबलं. भाची म्हणाली, "आत्या, हे तर आता चालत नाही." शाळेत मुलांना मारण्यावर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, तिच्या पिढीला ते ठाऊक आहे. मुलगा भित्रा निघाला म्हणून लोक हसतील, हे आईला सहन होत नाही, असं मी सांगितलं. ते तिला पटलं नाही आणि पटावं असा आग्रहही मी धरला नाही. चित्रपट त्या माराला प्रेमाचं रूप देतो. त्या काळच्या बहुतेक घरांनी तसंच केलं. आजच्या मुलीला तिथे प्रेमाबरोबर मारही दिसतो, आणि दोन्ही दिसणं हे जास्त खरं पाहणं आहे.

मग मोळीचा प्रसंग आला. एक म्हातारी महारीण लाकडाची मोळी डोक्यावर घेऊ शकत नाही, वाटेने जाणारा कुणी हात लावत नाही, आणि आई श्यामला पाठवते. धमतरीच्या मुलीने विचारलं, "उसका नाम क्या था?" मी सांगितलं, नाव नाही. "और बाद में?" नंतरही काही नाही. ती मोळी घेऊन निघून जाते.

मुलीला उत्तर देताना मला आमच्याच शहरातली दुसरी एक म्हातारी आठवली. माधवराव सप्रे हे मराठी मातृभाषेचे, रायपूरच्या शाळेत शिकलेले. १९०० मध्ये त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत नेलं. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचं निधन झालं. १९०१ मध्ये त्यांनी 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा लिहिली. हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते. जमीनदाराने जिची झोपडी बळकावली अशी एक विधवा तिथली टोपलीभर माती मागायला येते आणि टोपली डोक्यावर चढवायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. मग ती त्याला एवढंच विचारते की टोपलीभर मातीचा भार पेलवत नाही, तर सगळ्या झोपडीचा भार जन्मभर कसा पेलणार.

दोन म्हाताऱ्या, दोन ओझी, आणि ओझं उचलायला दुसऱ्याचा हात. सप्र्यांची विधवा बोलते आणि समोरच्याला लाजवते. पालगडची म्हातारी बोलत नाही, तिच्यासाठी श्यामची आई बोलते. शिवाय पुस्तकात आई मोळी उचलून द्यायला सांगते, तसं घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. या तपशिलाचं मला कौतुक वाटतं. गुरुजींना आईला काळाच्या पुढे नेऊन ठेवणं सहज शक्य होतं, पण त्यांनी ते केलं नाही. तिचं पाऊल जिथपर्यंत पडलं तिथपर्यंतच त्यांनी दाखवलं. उरलेलं अंतर मुलगा चालून गेला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केलं. मोळीपासून त्या उपोषणापर्यंतचा रस्ता म्हणजे श्यामचं मोठं होणं. तो रस्ता चित्रपटात नाही, पण चित्रपट त्याची पहिली पायरी दाखवतो.

धमतरीच्या मुलीचा प्रश्न मात्र त्याने मिटत नाही, आणि तो छत्तीसगडात विचारला जावा हे स्वाभाविक आहे. अस्पृश्यतेविरुद्धचं बोलणं या मातीत बाहेरून आलेलं नाही. गिरोदपुरीच्या गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सतनाम पंथ उभा केला. राजिमच्या पंडित सुंदरलाल शर्मा यांनी १९२५ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना राजिमलोचन मंदिरात नेलं. नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं गेलं त्याच वर्षी, नोव्हेंबर १९३३ मध्ये, गांधीजी हरिजन यात्रेत रायपूरला आले आणि या कामात त्यांनी शर्मांना आपल्या आधीचे मानलं. १९६५ मध्ये मनू नायक यांनी छत्तीसगडी भाषेतला पहिला चित्रपट काढला, 'कहि देबे संदेस'. त्याचा विषय होता सतनामी मुलगा आणि ब्राह्मण मुलगी यांचं प्रेम. मोहम्मद रफींनी त्यात गायलं. चित्रपटाला विरोधही झाला. अत्र्यांच्या चित्रपटानंतर बाराच वर्षांनी इथल्या बोलीने जातीचा प्रश्न दयेच्या अंगणातून लग्नाच्या मांडवापर्यंत नेला होता. आम्ही मराठी घरांनी 'श्यामची आई' जपला. शेजारच्या भाषेतला तो चित्रपट आमच्या बोलण्यात फारसा आला नाही.

मराठीतही पुढे जबाब आला. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त, २०१३ मध्ये, कथाच दुसऱ्या बाजूने सुरू होते. जब्या हा कैकाडी घरातला मुलगा. डुक्कर पकडतानाची त्याची फजिती वर्गातली मुलं कडेला उभी राहून पाहतात. शेवटी त्याने भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकावर येतो. श्यामला अपमान कळतो तो सावकाराचा माणूस दारात येऊन बसतो तेव्हा. जब्याला तो जन्मापासून कळलेला आहे. 'फँड्री' पाहिलेला प्रेक्षक 'श्यामची आई'कडे परतला, की मोळीवाली म्हातारी त्याला वेगळी दिसते. तिला एखादा नातू असेल, हा विचार मनात येतो. १९५३ च्या प्रेक्षकाला तो बहुधा आला नसता. नंतरच्या चित्रपटांनी जुन्या चित्रपटात एक माणूस वाढवला, असं मी याला म्हणेन. यात जुन्याचं काही गेलं नाही.

आईचंही तसंच. आमच्या लहानपणी तिचा त्याग हा गौरवाचा विषय होता. आज पाहताना आधी हिशेब दिसतो. कर्ज पुरुषांनी काढलेलं, इभ्रत घराण्याची, आणि दारातला अपमान झेलायला उभी ती. दुखण्यातही तिचं काम थांबत नाही. माझ्या पिढीच्या कितीतरी बायका या आईच्या मापाने मोजल्या गेल्या आणि त्या मापात कमी पडल्या. हे सांगितलं पाहिजे. पण हा दोष बहुतांशी पाहणाऱ्यांचा आहे. गुरुजींच्या पुस्तकात 'अर्धनारी नटेश्वर' नावाची एक रात्र आहे. घरकामाला मुलानेही हात लावावा, बाईचे म्हटले जाणारे गुण पुरुषानेही अंगी आणावेत, असा तिचा रोख आहे. चादरीसमोर डोळे पुसणाऱ्या काकामंडळींनी ती रात्र आम्हाला कधी वाचून दाखवली नाही. श्यामसारखं व्हा म्हणताना तो घरात काम करणारा मुलगा होता, हे सोयीस्करपणे गळलं.

२०२३ च्या नोव्हेंबरात सुजय डहाके यांनी 'श्यामची आई' पुन्हा केला, तोही कृष्णधवल. २०११ मध्ये 'शाळा' करणारे हेच दिग्दर्शक. आणीबाणीच्या काळातल्या एका वर्गातलं कोवळं प्रेम तिथे त्यांनी आईच्या डोळ्यांपासून दूर, बाकांवर आणि सायकलींवर दाखवलं होतं. नव्या 'श्यामची आई'त आईइतकाच, तुरुंगात बसून आठवणारा प्रौढ साने गुरुजीही आहे. ओम भूतकर यांनी तो केला आहे. आठवणारा माणूस समोर आणल्याने जुन्या चित्रपटातली एक गोष्ट स्पष्ट झाली. ही आईची गोष्ट वाटते, पण तिचा कर्ता मुलगा आहे आणि क्रिया आठवण्याची आहे. या चित्रपटालाही ७१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला.

आता भाषेच्या हिशेबाकडे येते. १९५६ नंतर आमच्या घरांनी हा चित्रपट मराठीपणाची परीक्षा म्हणून वापरला. त्यामागची भीती मला समजते. राजधानी गेली, भाषेचं सरकारी स्थान गेलं, मुलं हिंदी शाळांत गेली. अशा वेळी माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो. पण ज्यांचं पुस्तक आम्ही असं कुंपण म्हणून वापरलं, ते साने गुरुजी आयुष्याच्या अखेरीस 'आंतरभारती'चं स्वप्न पाहत होते. भारतातल्या माणसांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचं साहित्य आपलं मानावं, असं ते स्वप्न. माधवराव सप्र्यांनी ते रायपुरात राहून गुरुजींच्या आधीच जगून दाखवलं होतं. मराठी घरात जन्म, हिंदीत लेखन, आणि दोन्हींकडे चोख देणं-घेणं.

म्हणून पुढच्या प्रेक्षकांसाठी हा चित्रपट टिकेल का, या प्रश्नाचं माझं उत्तर रायपुरापुरतं असं आहे. ज्या मुलांना तो मराठीपणाची किंवा चांगुलपणाची परीक्षा म्हणून दाखवला जाईल, ती त्यात रडणार नाहीत, आणि ते रास्तच होईल. पण तो 'एक टोकरी भर मिट्टी'च्या शेजारी, 'कहि देबे संदेस'च्या शेजारी, 'फँड्री'च्या आधी किंवा नंतर दाखवावा. हिंदीत अर्थ सांगत, प्रश्न विचारू देत दाखवावा. मग बंगाली मुलीला त्यात कर्ज दिसेल, मराठी मुलीला मार दिसेल आणि धमतरीची मुलगी त्या म्हातारीचं नाव विचारेल. चित्रपटाला ते नाव ठाऊक नाही. सत्तर वर्षं त्याच्याकडे ते कुणी फारसं मागितलंही नव्हतं.